नाव पॉपकॉर्न, काम लाह्यांचं : वाशिमच्या ज्वारीपासून शिकागोच्या मशीनपर्यंत, फुटणाऱ्या दाण्याची गोष्ट

सोशल मीडियावर दोघांचं वाजलं की तिसरा माणूस कमेंटमध्ये हमखास एक वाक्य टाकतो. "पॉपकॉर्न घेऊन बसलोय, चालू द्या." सोबत मायकल जॅक्सनचा अंधाऱ्या थिएटरात बसून पॉपकॉर्न खातानाचा जिफ. तमाशा बघताना तोंडात काय टाकायचं, या प्रश्नाला सगळ्या जगानं एकच उत्तर देऊन टाकलंय.

पण वाशिम जिल्ह्यातल्या एखाद्या आजीला पॉपकॉर्न दाखवला, तर ती नाव विचारत बसणार नाही. तिच्यासाठी त्या मक्याच्या लाह्या. विषय संपला.

आता यात बरोबर कोण? नाव शोधायला अमेरिका गाठणारे आपण, की लाह्या म्हणून मोकळी होणारी आजी? खरं सांगायचं तर आजीचा शब्द जास्त कामाचा आहे. पॉपकॉर्न हा शब्द एकाच धान्याला चिकटलेला आहे. लाही म्हणजे भाजल्यावर फुटून फुललेला कुठलाही दाणा. ज्वारीची लाही, साळीची लाही, राजगिऱ्याची लाही, मक्याची लाही. गंमत अशी की हा शब्द वाशिममध्ये आजही ठणठणीत आहे, पण ज्या धान्याच्या लाह्या नागपंचमीला ताटात पडतात, ती ज्वारी मात्र वाशिमच्या शिवारातून जवळपास निघून गेली आहे.

सुरुवात इंग्रजी नावापासून करू.

पॉप म्हणजे फटकन होणारा आवाज. हा शब्द आवाजावरूनच आला, आपल्याकडे फट्, ताड, टप असे शब्द तयार झाले तसा. खरा घोळ आहे तो कॉर्न या शब्दात. कॉर्न म्हणजे मका, असं शाळेपासून पाठ असतं. पण जुन्या इंग्रजीत कॉर्न म्हणजे नुसता दाणा, धान्य. ज्या भागात जे मुख्य पीक, त्याला तिथले लोक कॉर्न म्हणायचे. इंग्लंडमध्ये कॉर्न म्हणजे गहू, स्कॉटलंडमध्ये ओट. इंग्रज अमेरिकेत जाऊन वसले, तिथल्या मूळ रहिवाशांकडे त्यांना मका दिसला, त्याला ते इंडियन कॉर्न म्हणू लागले. म्हणजे 'इंडियनांचं धान्य'. पुढे इंडियन गळालं, कॉर्न उरलं आणि अमेरिकेत कॉर्नचा अर्थच मका झाला.

हे विचित्र वाटत असेल तर स्वतःच्या स्वयंपाकघरात डोकावून बघा. दाणा म्हणजे कुठल्याही धान्याचा दाणा. पण 'दाण्याचं कूट' म्हटलं की कसले दाणे, असं कुणी विचारतं का? शेंगदाणेच. जे मराठीत दाण्याचं झालं, तेच अमेरिकेत कॉर्नचं झालं.

१८४८ साली जॉन रसेल बार्टलेट यांनी अमेरिकेतल्या खास शब्दांचा कोश छापला. त्यात हा फुटलेल्या मक्याचा शब्द नोंदवलेला आहे. म्हणजे तोवर तो अमेरिकी लोकांच्या तोंडी चांगलाच रुळला होता. नाव मात्र सगळीकडे आवाजावरूनच पडलं असं नाही. स्पॅनिश बोलणाऱ्या बऱ्याच देशांत पॉपकॉर्नला 'पालोमितास' म्हणतात, म्हणजे छोटी कबुतरं. कुणाला आवाज ऐकू आला, कुणाला पांढरे पंख दिसले.

खाण्याचा इतिहास नावापेक्षा फारच जुना आहे. पेरूच्या किनाऱ्यावर संशोधकांना मक्याची जुनी कणसं आणि बुरखुंडं मिळाली, त्यातली काही साधारण ६,७०० वर्षांपूर्वीची निघाली. तिथले लोक तेव्हाही मक्याच्या लाह्या फोडून खात होते, असं या संशोधकांनी २०१२ मध्ये मांडलं. कोलंबस १४९२ मध्ये अमेरिकेला पोहोचला आणि त्यानंतरच मका बाकीच्या जगात पसरला. भारतात तो पोर्तुगीजांच्या काळात आला, असं सर्वसाधारणपणे मानलं जातं.

मग मका येण्याआधी आपल्याकडे काय फुटत होतं?

लाजा ते लाही, व्हाया वाशिम

लग्नात सप्तपदीच्या आसपास एक विधी असतो, लाजाहोम. नवरीचा भाऊ तिच्या ओंजळीत लाह्या घालतो आणि त्या अग्नीत सोडल्या जातात. फोटोग्राफरला हा फोटो आवडतो, भावाला कानपिळीचं पाकीट आवडतं, आणि लाजाचा अर्थ विचारायचं राहूनच जातं. त्याचा लाजण्याशी काही संबंध नाही. संस्कृतात लाजा म्हणजे भाजून फुललेलं धान्य, मुख्यतः साळीच्या लाह्या. लग्नविधी सांगणाऱ्या जुन्या गृह्यसूत्रांमध्ये हा होम आहे. आयुर्वेदात आजाऱ्याला द्यायचा लाजमंड आहे, म्हणजे लाह्यांची पातळ पेज. पोट बिघडल्यावर घरातली म्हातारी माणसं साळीच्या लाह्यांचं पाणी देतात, ते याच ओळीतलं.

लाजा या शब्दाची लाही कशी झाली? मधल्या काळात हा शब्द प्राकृतातून गेला. दोन स्वरांच्या मध्ये अडकलेलं व्यंजन विरघळवून टाकायची महाराष्ट्री प्राकृताला सवयच होती. त्यात 'ज' गेला, मागे लाया असं काहीतरी उरलं आणि मराठीपर्यंत येता येता लाही झाली.

आणि इथे वाशिम येतं. वाशिमचं जुनं नाव वत्सगुल्म. चौथ्या शतकात वाकाटकांच्या एका शाखेची ही राजधानी होती. या शाखेचा संस्थापक सर्वसेन नुसता राजा नव्हता, त्यानं 'हरिविजय' नावाचं काव्य लिहिलं होतं, आणि तेही प्राकृतात. पुढे दहाव्या शतकाच्या आसपास होऊन गेलेल्या राजशेखरानं 'काव्यमीमांसा'त एक कल्पना रंगवली. काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचं लग्न लागतं, आणि ते लागतं कुठे? तर विदर्भातल्या वत्सगुल्मात. थोडक्यात, साहित्याचं लग्न वाशिमला लागलं. लग्न आलं म्हणजे लाजाही आल्या असतील, एवढं मनात धरायला हरकत नाही.

एरवी लाह्या आपल्या बोलण्यात इतक्या मुरल्या आहेत की लक्षातही येत नाही. मे महिन्यात वाशिम-अकोल्याकडे पारा चढला की अंगाची लाही लाही होते. ती लाही हीच. तापलेल्या कढईतल्या दाण्याची जी गत, ती उन्हातल्या माणसाची. कुणी तडातडा बोलायला लागलं की तोंडातून लाह्या फुटतात. इतकंच काय, 'भाड में जा' ही हिंदी शिवीवजा सदिच्छाही याच धंद्यातली आहे. भाड म्हणजे धान्य भाजायची भट्टी. त्या भट्टीवर दाणे भाजणारा तो भडभुंजा. म्हणजे समोरच्याला आपण चक्क लाह्या फोडायच्या भट्टीत पाठवत असतो.

भडभुंजा हा फक्त शब्द नव्हता, ती पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली कामगिरी होती. वाशिम तेव्हा वऱ्हाड प्रांतात होतं. मध्य प्रांतातल्या जाती-जमातींवर रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ मध्ये जो मोठा ग्रंथ काढला, त्यात भडभुंजांवर वेगळी नोंद आहे. चणे-फुटाणे, मुरमुरे, लाह्या, सगळं याच भट्टीवरचं. लोक घरचं धान्य घेऊन जायचे आणि भाजून आणायचे. मोठी कढई, तिच्यात तापलेली वाळू, वाळूत धान्याची मूठ, दोन-चार वेळा झारा फिरवला की तडतड सुरू. मग चाळणीतून वाळू खाली आणि लाह्या वर.

वाळूच का? कारण तापलेली वाळू दाण्याला सगळीकडून सारखा चटका देते. नुसत्या कढईत दाण्याची खालची बाजू करपते आणि वरची थंडच राहते. हे कुणी भौतिकशास्त्र शिकून ठरवलेलं नव्हतं, पण होतं भौतिकशास्त्रच.

दाणा म्हणजे छोटा कुकर

आता मुद्द्याचा प्रश्न. दाणा फुटतो कशामुळे?

मक्याच्या दाण्यात तीन गोष्टी लागतात. बाहेर टणक आणि हवाबंद साल. आत घट्ट बसलेला स्टार्च. आणि त्या स्टार्चमध्ये थोडंसं पाणी, दाण्याच्या वजनाच्या साधारण १३ ते १४ टक्के. दाणा तापला की या पाण्याची वाफ व्हायला बघते. साल तिला बाहेर पडू देत नाही. दाब वाढत जातो. घरच्या प्रेशर कुकरमध्ये शिट्टी होताना बाहेरच्या हवेच्या साधारण दुप्पट दाब असतो. मक्याच्या दाण्यात तो नऊ पटींच्या घरात जातो. आतला स्टार्च तोवर शिजून लगदा झालेला असतो. तापमान १८० अंश सेल्सियसच्या आसपास गेलं की साल हार मानते. दाब एकदम सुटतो, लगदा फसफसून बाहेर येतो आणि बाहेरची हवा लागताच तिथल्या तिथे थिजतो. तोच पांढरा फुलोरा. दाणा आकारानं २० ते ४० पट होतो.

आणि ज्या आवाजावरून नाव पडलं, तो पॉप कुठून येतो? वाटतं की साल फुटल्याचा. फ्रान्समधल्या दोन संशोधकांनी, एमान्युएल विरो आणि अलेक्सांद्र पोनोमारेन्को यांनी, पॉपकॉर्न फुटताना वेगवान कॅमेऱ्यानं टिपला आणि सोबत आवाजही ध्वनिमुद्रित केला. २०१५ मध्ये त्यांनी मांडलं, की आवाज साल तडकल्याचा नाही आणि दाणा कढईवर आपटल्याचाही नाही. तो आहे कोंडलेली वाफ एकदम सुटल्याचा. म्हणजे पॉपकॉर्न हे नाव खरंतर वाफेला मिळालेलं आहे.

म्हणूनच बाजारातून आणलेलं साधं मक्याचं कणीस वाळवून कढईत टाकलं, तर पॉपकॉर्न होत नाही. दाणे तडकतात, करपतात, पण फुलत नाहीत. लाहीचा मका ही वेगळी जात आहे. दाणा लहान, साल जाड, आतला स्टार्च काचेसारखा कडक. पावसाळ्यात भाजून, लिंबू-मीठ चोळून खायचं कणीस वेगळं, कोंबड्यांच्या खाद्याचा मका वेगळा आणि हा वेगळा.

ज्वारीचंही तंतोतंत तसंच आहे. गोष्ट इथेच वाशिमच्या शेतात शिरते, पण आधी स्वयंपाकघर.

घरी ज्वारीच्या लाह्या करायची रीत अशी. ज्वारी निवडून घ्यायची, तिच्यावर उकळतं पाणी घालायचं, थोड्या वेळानं निथळून घ्यायची आणि कापडात गुंडाळून रात्रभर दडपून ठेवायची. दुसऱ्या दिवशी लोखंडी कढई चांगली तापवायची, मूठभरच ज्वारी टाकायची आणि सुती फडक्याच्या बोळ्यानं भराभर फिरवायची. एकदम पातेलंभर टाकली की कढई निवते आणि दाणे फुटायचे सोडून नुसते भाजत बसतात.

ते उकळतं पाणी कशाला, हे आता कळलं असेल. कोठीतली ज्वारी महिनोन्‌महिने सुकलेली असते. फुटायला लागणारं पाणीच तिच्यात कमी असतं. रात्रभर दडपून ठेवलं की पाणी दाण्याच्या आतपर्यंत सारखं मुरतं. वर ओल राहिली तर दाणा शिजतो, आत कोरडा राहिला तर नुसता भाजतो.

नागपंचमीचं ताट

वाशिम असो की विदर्भ-मराठवाड्यातला दुसरा कुठला जिल्हा, नागपंचमी आणि लाह्या ही जोडी सुटत नाही. नागाला दूध-लाह्यांचा नैवेद्य. नाग दूध पीत नाही, हे सर्पमित्र दरवर्षी घसा फोडून सांगतात. लाह्या तर तो मुळीच खात नाही, त्या पहिल्यापासून पोरांसाठीच होत्या. बऱ्याच घरांत या दिवशी चुलीवर तवा ठेवत नाहीत, चिरायचं नाही, भाजायचं नाही, शेतात नांगर घालायचा नाही. म्हणून लाह्या आदल्या दिवशीच फुटून तयार असतात. उरलेल्या लाह्या दळून पीठ करायचं, ते ताकात किंवा दूध-गुळात कालवून खायचं. ज्यांनी खाल्लंय त्यांना बाजारातला 'रेडी टू ईट' नाश्ता फारसा थोर वाटत नाही.

पुढे गोपाळकाल्यात पुन्हा लाह्या. दिवाळीत लक्ष्मीपूजनाला साळीच्या लाह्या आणि बत्तासे. एकादशीला राजगिऱ्याच्या लाह्या.

या राजगिऱ्याची एक भारी गोष्ट आहे. आपण त्याला इतकं सोवळं मानतो की उपासाला चालवतो. पण दाण्यासाठी पिकवायचा राजगिरा मूळचा अमेरिका खंडातला. मेक्सिकोतले अ‍ॅझ्टेक लोक त्याचा दाणा देवकार्यात वापरायचे, त्याच्या पिठाच्या मूर्ती घडवायचे. आजही मेक्सिकोत राजगिऱ्याच्या लाह्या गोड पाकात घोळून वड्या पाडतात, त्यांना 'आलेग्रिया' म्हणतात, म्हणजे आनंद. समोर ठेवली तर राजगिऱ्याची चिक्की म्हणून कुणीही उचलेल. म्हणजे मक्याच्या लाह्या विलायती आणि राजगिऱ्याच्या आपल्या, असं काही नाही. दोघं एकाच गावचे.

आणि ज्वारी? तीही मूळची इथली नाही. ती आफ्रिकेतली. सुदानच्या पूर्व भागात पाच हजार वर्षांपूर्वी ती माणसाळायला लागल्याचे पुरावे मिळाले आहेत, भारतात ती साधारण चार हजार वर्षांपूर्वी आली असं मानतात. फरक इतकाच की ती इतकी आधी आली, इतकी मुरली, की वऱ्हाडात तिला ज्वारीसुद्धा न म्हणता लाडानं जवारी म्हणतात. त्यामुळे 'आमच्या लाह्या अस्सल, तुमचा पॉपकॉर्न परका' असली पोस्ट टाकायच्या आधी जरा थांबलेलं बरं. दोन्ही दाणे समुद्र ओलांडून आले. एक फार आधी, एक जरा उशिरा.

शिवारातून काय गेलं

वाशिम जिल्हा १ जुलै १९९८ ला अकोल्यातून वेगळा झाला. वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, मानोरा आणि कारंजा, असे सहा तालुके. आज खरिपात या तालुक्यांतून गाडीनं निघालात, तर दोन्ही बाजूला जे हिरवं दिसतं ते बहुतेक सोयाबीन. मधूनमधून तुरीच्या ओळी, काही पट्ट्यांत कपाशी. ज्वारीचं उंच शिवार, ज्यात माणूस शिरला की दिसेनासा व्हायचा, ते आता शोधावं लागतं.

हे एका दिवसात झालं नाही. पहिला धक्का बसला तो हायब्रीडचा. १९६४ मध्ये सीएसएच-१ हा भारतातला पहिला संकरित ज्वारीचा वाण आला. मागोमाग आणखी आले. उत्पन्न वाढलं, दुष्काळाच्या काळात लोकांच्या पोटात भाकर पडली, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण गावठी ज्वारीत घरागणिक वेगळे वाण असायचे. भाकरीची वेगळी, हुरड्याची वेगळी, लाह्यांची वेगळी. लाहीच्या ज्वारीचा दाणा बारीक आणि कडक. हायब्रीडचा दाणा टपोरा आणि मऊ. भाकरीला तो चालला, लाह्यांना चालला नाही. कुकर मोठा झाला, पण झाकण सैल पडलं.

दुसरा धक्का सोयाबीनचा. शेतकऱ्याच्या बाजूनं बघितलं तर हिशोब साधा होता. सोयाबीन शंभर-एकशे दहा दिवसांत निघतं, दसरा-दिवाळीला हातात रोख पैसा येतो, मागून हरभरा पेरता येतो. ज्वारी कणसात आली आणि परतीच्या पावसानं गाठलं की दाणा काळा पडतो, मग तिला कुणी विचारत नाही. पाखरं राखायची, रानडुकरं आणि रोही हाकलायचे, कापणी-खुडणीला मजूर शोधायचे, ते वेगळंच. रेशनवर गहू-तांदूळ मिळू लागला, रोजच्या भाकरीचीही गरज कमी झाली. ट्रॅक्टर आला, बैल कमी झाले, कडब्याची मागणी गेली. ज्वारी म्हणजे निम्मं माणसाचं आणि निम्मं जनावराचं खाणं. दोन्ही गिऱ्हाइकं एकदम सुटली.

हमीभावातही हाच कल दिसतो. २०२४-२५ च्या हंगामात केंद्रानं संकरित ज्वारीला क्विंटलला ३,३७१ रुपये जाहीर केले आणि सोयाबीनला ४,८९२ रुपये. अर्थात त्याच हंगामात सोयाबीन बाजारात हमीभावाच्या खाली विकलं गेलं आणि विदर्भ-मराठवाड्यातल्या निवडणुकीत तो मुद्दा गाजला. म्हणजे ज्या पिकासाठी ज्वारी सोडली, त्यानंही सुख दिलंच असं नाही.

यात शेतकऱ्याला दोष देण्यासारखं काही नाही. पण परिणाम असा झाला की नागपंचमीला ताटात पडणारी लाही आता बहुतेक घरांत शेतातून नाही, दुकानातून येते. सणाच्या आठवड्यात बाजारात पिशव्या लागतात, त्या घ्यायच्या. ज्वारी घरची नसली की बी जपायचं कारण उरत नाही, आणि लाहीच्या वाणाचं बी एकदा घरातून गेलं की ते कृषी केंद्राच्या फळीवर सहजासहजी सापडत नाही.

राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठानं यावर काम केलेलं आहे. त्यांनी लाह्यांसाठी ज्वारीचा खास वाण काढला, त्याचं नाव 'फुले पंचमी'. हुरड्यासाठी 'फुले उत्तरा', पापडासाठी 'फुले रोहिणी'. पंचमी हे नाव ऐकून कुठल्या सणाची आठवण येते, हे वेगळं सांगायला नको. २०२३ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून पाळलं, भारताच्याच पुढाकारानं. त्यानंतर शहरांतल्या दुकानांत ज्वारीच्या लाह्या चकचकीत पाकिटात दिसू लागल्या. पाकिटावर नाव मात्र असतं 'ज्वार पफ' नाहीतर 'ज्वारी पॉपकॉर्न'. हे म्हणजे मुलीनं आईचं आडनाव सोडून शेजारणीचं लावण्यासारखं झालं.

थिएटरात कसा शिरला

लाह्या सणापुरत्या राहिल्या आणि पॉपकॉर्न जगभर पसरला, यात चवीपेक्षा चाकांचा वाटा मोठा आहे. शिकागोत चार्ल्स क्रेटर्स नावाच्या माणसानं वाफेवर चालणारं पॉपकॉर्नचं मशीन बनवलं आणि १८९३ च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात ते लोकांसमोर आणलं. हो, तेच प्रदर्शन, ज्याच्या निमित्तानं भरलेल्या सर्वधर्म परिषदेत त्या सप्टेंबरमध्ये स्वामी विवेकानंद बोलले. मशीन गाड्यावर बसलं, गाडा गर्दी असेल तिथे जाऊ लागला. जत्रा, सर्कस आणि मग सिनेमा.

थिएटरवाल्यांना आधी हे नको होतं. गालिचे खराब होतात आणि मूकपटात कुरुमकुरुम ऐकू येते. १९२७ नंतर बोलपट आले, खाण्याचा आवाज झाकला गेला. पाठोपाठ महामंदी आली. लोकांच्या खिशात पैसा नव्हता, पण पाच-दहा सेंटची पिशवी परवडायची. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत साखरेचं रेशनिंग झालं, गोळ्या-चॉकलेटं कमी झाली आणि मीठ लावलेला पॉपकॉर्न मोकळ्या मैदानात धावला.

मल्टिप्लेक्समधला आजचा दर याच परंपरेतला आहे. तिकिटाच्या पैशात वाटेकरी अनेक, पॉपकॉर्नचा पैसा थेट थिएटरचा. मूठभर मका चाळीस पट फुगतो, म्हणजे विकायला मिळते ती बरीचशी हवा. बाहेरचं खाणं आत नेऊ द्यायचं की नाही, यावर महाराष्ट्रात २०१८ मध्ये आंदोलनं झाली. शेवटी जानेवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की तो अधिकार थिएटरमालकाचा. पिण्याचं पाणी मात्र मोफत द्यायचं, आणि तान्ह्या बाळासाठी आणलेलं खाणं अडवायचं नाही.

मग आला जीएसटी. २१ डिसेंबर २०२४ ला जैसलमेरमध्ये जीएसटी परिषदेची बैठक झाली आणि पॉपकॉर्नवरच्या कराचा खुलासा बाहेर आला. सुटा, मीठ-मसाल्याचा असेल तर ५ टक्के. तोच पाकिटात बंद आणि लेबल लावलेला असेल तर १२ टक्के. कॅरॅमलचा असेल तर १८ टक्के. त्या रात्री देशात जेवढे मीम बनले, तेवढे पॉपकॉर्नही फुटले नसतील. यामागचं सरकारी तर्कशास्त्र असं, की मीठ लावलं की ते नमकीन, आणि साखर घोळली की ती मिठाईच्या वर्गात जाते. २२ सप्टेंबर २०२५ पासून खाऱ्या पॉपकॉर्नला सुटा असो की पॅकबंद, ५ टक्केच लागतात. कॅरॅमल मात्र १८ वरच राहिला.

साळीच्या सुट्या लाह्या, मुरमुरे आणि पोहे यांवर कर नाही. लेबल लावून पाकिटात भरले की ५ टक्के. लक्ष्मीपूजनाच्या लाह्या कागदाच्या पुडीत घ्या, देवी आणि जीएसटी दोघंही प्रसन्न.

उरला प्रश्न खाण्याचा. नुसत्या गरम हवेवर किंवा थोड्या तेलात फोडलेला पॉपकॉर्न आणि ज्वारीच्या लाह्या, दोन्ही अख्ख्या धान्याचे पदार्थ आहेत. कोंड्यासकट पोटात जातात, म्हणून तंतू भरपूर. बिघडवतं ते वरचं. लोणी, चीजची भुकटी, कॅरॅमल, गरजेपेक्षा जास्त मीठ. ज्वारीची लाही मक्याइतकी फुगत नाही, बारीक राहते, पण तिची साल पातळ असल्यानं दातात टोचत नाही. चार वर्षांखालच्या मुलांना मात्र पॉपकॉर्न देऊ नका, तो श्वासनलिकेत अडकायचा धोका असतो, असं बालरोगतज्ज्ञ बजावून सांगतात.

आणि ते वाडग्याच्या तळाशी उरलेले, न फुटलेले दाणे? इंग्रजीत त्यांना 'ओल्ड मेड' म्हणतात, म्हणजे लग्न न झालेली म्हातारी बाई. नाव ठेवणाऱ्याची अक्कल दिसते. मराठीत भाजताना किंवा शिजवताना टणकच राहिलेल्या दाण्याला गणंग म्हणतात. कुणाचंही न ऐकणाऱ्या नाठाळ माणसालाही तोच शब्द. दाणा गणंग निघतो तो बहुतेक वेळा दोन कारणांनी. एक तर सालीला बारीक चीर असते आणि वाफ हळूहळू निसटून जाते, नाहीतर आतलं पाणीच सुकलेलं असतं. पहिल्यावर इलाज नाही. दुसऱ्यावर आहे. पाकीट फोडून बरेच दिवस झाले असतील आणि मका फुटत नसेल, तर बरणीत दाण्यांवर चमचाभर पाणी टाका, झाकण घट्ट लावून हलवा, दोन-तीन दिवस तसंच ठेवून द्या आणि मग कढईत टाका. ज्वारी असेल तर उकळतं पाणी आणि रात्रभर फडकं.